कासवाचा फ्रिज

घरमालक साहेब, डिलिसबाईंचं घर गरम ठेवणारा बॉयलर दुरुस्त न करता तुम्ही खुशाल हात झटकलेत, तेव्हा हे तुम्हीच ऐका.

थंडीभर झोपणारं, दिवंगत नवऱ्याचं म्हातारं कासव बाईंनी दरवर्षीप्रमाणे फ्रिजमध्ये निजवलं होतं. आत पाच अंश तापमान लागतं. आज आकडा एकावर उतरला. शून्य झालं की कासव गोठून मरणार! बटण फिरवून काही होईना, तेव्हा त्यांनी शेजारच्या इमरिसला ओढत आणलं.

"फ्रिज बिघडला रे! हे गेलं तर वर जाऊन नवऱ्याला काय तोंड दाखवू?"

इमरिसच्या तोंडातून वाफ निघत होती. "फ्रिजला काही धाड भरली नाही, मावशी. तुमचं स्वयंपाकघरच त्याच्याहून गार पडलंय."



कासव इमरिसने आपल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं, साहेब. मावशींना कुठे ठेवायचं, ते आता तुम्ही सांगा!