वरचा पंचम

"पट्टी खाली घेऊ का?" पेटीवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"नको," अण्णा म्हणाले. "चाल बांधणारीनं सूर जिथं ठेवलाय, तिथंच गाणार."

बांधणारी तालमीच्या खोलीत खांबाला टेकून उभी होती. कंपनीत तिला सगळे चिमणी म्हणत. चार वर्षं कोरसात गायल्यावर पहिल्यांदाच तिच्या चालींवर नाटक उभं राहत होतं. अण्णा करत असलेल्या सूत्रधाराचं गाणं तिनं महिनाभर घासूनपुसून बांधलं होतं आणि अंतऱ्याचा शेवट मुद्दाम वरच्या पंचमावर नेऊन ठेवला होता. अण्णांचा गळा हल्ली तिथवर साथ देत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून रियाज तीच करायची.

"परवा प्रयोग आहे अण्णा, हट्ट नको," दिग्दर्शक म्हणाला. "चिमणे, दोन सूर खाली चालेल ना गं?"

सगळे तिच्याकडे वळले. 'चालेल' हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

"त्या सुरातच गाण्याचा जीव आहे," ती म्हणाली.

अण्णा हसले. "बघा, पोरगी खरं बोलते. घे रे."

मुखडा झाला. अंतरा चढू लागला. अण्णांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. पंचमावर ते पोचले. क्षणभर खरंच पोचले, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग जुनं कापड टरकावं तसा आवाज झाला.

कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची. अण्णांनी तोंडावरचा रुमाल काढला, त्याकडे एकदा पाहिलं आणि घाईघाईनं घडी घालून खिशात टाकला.

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "आता ऐन वेळी सूत्रधार कुठून आणू? कुणाला येतं हे सगळं?"

"मला येतं."

उत्तर जरा लवकरच आलं. पेटीवाल्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग त्यानं पुन्हा भाता ओढला.

ती मधोमध जाऊन उभी राहिली. पहिल्याच ओळीला आवाज असा लागला, की मागे पडदा शिवणाऱ्या बाईचं मशीन थांबलं. अंतरा चढला. पंचम आला, लागला, लांबला. तेव्हा तिची नजर भिंतीकडे गेली.

खुर्चीवर बसून अण्णा गात होते. शब्द न् शब्द. ओठ हलत होते, शिरा तटतटल्या होत्या. आवाज नव्हता.

तिनं सूर सोडला. टाळ्या पडल्या. "जिंकलंस पोरी!" दिग्दर्शक ओरडला.

अण्णांचं तोंड अजून उघडंच होतं. ते पंचमावरून उतरले नव्हते.