नत्थुजींचा धाकटा जावई

सांगून आलेला मुलगा विलायतेहून ताऱ्यांचं शिकून आलाय, हे ऐकल्यापासून पातूरच्या नत्थुजींना घोर लागला होता. थोरला जावई बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड. त्याची कायम रात्रपाळी, त्यामुळे थोरली माणिक लग्न झाल्यापासून उशाशी विळा घेऊन एकटी झोपत होती. आता धाकट्या सुभद्रेच्या नशिबीही तेच? तारे काही दिवसा निघत नाहीत, एवढं खगोलशास्त्र नत्थुजींनाही येत होतं.

मुलगी पाहायला आलेल्या सूर्यभानपुढे सुपारी सरकवत त्यांनी आडून विचारलं, "मंग दुर्बीण घेऊन रातभर गच्चीवर बसा लागत असन, नाही जी?"

"नाही जी. दुर्बिणीले मी अजून डोळाबी लावला नाही," सूर्यभान ओशाळून म्हणाला. शेजारी बसलेल्या त्याच्या मामांनी कपाळाला हात लावला. "मी टेबलापाशी बसून नुसतं गणित करतो. ताऱ्याच्या पोटात गरमी किती, त्याचं."

"तारा न पायता?"

"न पायता."

"म्हंजे आमचा पटवारी वावरात पाय न ठेवता घरूनच पिकाची आणेवारी लिवते, तसं?"

"तसंच," म्हणून सूर्यभाननं मान खाली घातली.

"अन् रात्री काय करता?"

"रात्री झोपतो जी."

नत्थुजींनी सोडलेला श्वास माजघरापर्यंत ऐकू गेला. दाराआडून बोलली ती माहेरी आलेली माणिक.

"बाबा, आता अजून काय इचारता? कुंकवाचं ताट घ्या."