अंत्ययात्रेची रंगीत तालीम

“टाचा पुढे, गाढवांनो! मेलेल्याचे बूट रिकिबीत उलटे असतात!”

जनरल सर सेप्टिमस ब्रॅमहॉल चर्चच्या रस्त्यावर सपाता घालून उभे होते, कारण बिनस्वाराच्या घोड्याच्या रिकिबीत अडकवलेले बूट त्यांचेच होते. तोफगाडीवरची रिकामी शवपेटीही त्यांचीच. आपल्या अंत्ययात्रेत एकही चूक होता कामा नये, म्हणून ते पलटणीकडून तालीम करून घेत होते. मागून त्यांच्या पत्नी लेडी ऑनोरिया काळ्या पोशाखात चालत होत्या. एवीतेवी शिवलाच आहे, तर वापरावा, असं त्यांचं म्हणणं.

“पेटीत निजून बघता का जरा?” त्यांनी विचारलं.

“मग हुकूम कोण देणार?”

जनरलसाहेबांची सगळी कारकीर्द एका दुपारवर उभी होती. क्रायमियातल्या एका टेकडीवर रशियन तोफा धडाडत असताना त्यांची पलटण जागची हलली नव्हती. निम्मी तिथंच कायमची राहिली. वर्तमानपत्रांनी ‘पोलादी भिंत’ म्हटलं. मग पदक आलं, ‘सर’ आलं, जनरलपद आलं आणि पुढची सगळी वर्षं मेजवान्यांत ती दुपार सांगण्यात गेली. लेडी ऑनोरियांनी ती शेजारच्या उंचवट्यावरून दुर्बिणीतून पाहिली होती. त्या मात्र त्याबद्दल कधी बोलत नसत.

चर्चच्या अरुंद फाटकापाशी जनरलसाहेबांनी पलटण थांबवली, रांगा नीट केल्या आणि मग गरजले, “पुढे चल!”

कर्नल पेनरोज हळूच म्हणाले, “सर, त्या दिवशी हा हुकूम मी द्यायचा ना?”

“माझ्या पलटणीला माझ्याशिवाय कुणी हुकूम देत नाही, पेनरोज.”

“पण सर, त्या दिवशी आपण...”

“त्या दिवशीचं त्या दिवशी पाहू.”

सपातांतून चढलेली थंडी छातीत बसली आणि तो दिवस लवकरच आला. घोडा शहाण्यासारखा चालला. बूट बिनचूक उलटे होते. फाटकापाशी पलटण सवयीनं थांबली, रांगा नीट झाल्या.

पुढे काही झालं नाही.

पेनरोज पेटीकडे बघत राहिले. गारा पडू लागल्या. एकही शिपाई हलला नाही.

नगराध्यक्षांनी डोळ्यांना रुमाल लावला. “काय ही निष्ठा, लेडी ब्रॅमहॉल! अगदी त्या टेकडीवरच्यासारखी!”

लेडी ऑनोरियांनी तोंडावरची काळी जाळी वर केली.

“हुबेहूब,” त्या म्हणाल्या. “तिथंही हुकूम द्यायचा राहूनच गेला होता.”