लाल रेघेचं टोक

कोचबाईंनी दोन्ही रेघा पडद्यावर एकीवर एक ठेवल्या. लाल थोरलीची, निळी धाकटीची. रविवारच्या शर्यतीत दोघींच्या छातीला पट्टे होते. काळजाचा एकेक ठोका त्यांत उतरला होता.

"आठ वेळा एक किलोमीटर पळायचं आणि दर वेळी पुढे एक काम. ढकला, ओढा, वल्हवा, उचला," कोचबाई म्हणाल्या. "आता बघू, कोण कुठे सांडलं ते."

दोघी जावा एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये पाण्याची बाटली. घराला एक दार, जिममध्ये एक बाक. थोरली चार वर्षं इथे येत होती. आठ महिन्यांपूर्वी तिनेच धाकटीला हाताला धरून आणलं, आपले जुने बूट दिले, छातीचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं. आता जिमच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि ती कोणाची, ते आज ठरणार होतं.

थोरली अकरा सेकंदांनी पुढे आली होती. पण सकाळी दारातून आत शिरताना पोरींनी घोळका केला तो धाकटीभोवती. आठ महिन्यांत? काय खातेस काय गं? घरी सासूबाईसुद्धा तेच म्हणाल्या होत्या, "तू काय, येणारच होतीस. हिचं बघ." ते 'येणारच होतीस' दोन दिवस थोरलीच्या घशात अडकून होतं. गिळता येईना, थुंकता येईना.

"तू," कोचबाईंनी धाकटीकडे पेन रोखलं, "पहिला किलोमीटर गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी पळालीस."

"खरंच ठेवलं असतं तर अजून जोरात पळाले असते," धाकटी हसली. "दूध उतू गेलं की जाऊबाई काय करतात, तुम्हाला नाही माहीत."

थोरलीही हसली. ओठांपुरतं.

पेन पुढे सरकत राहिलं. वजन ढकलताना थोरलीने वेळ कमावला होता, पळताना धाकटीने तो घोटाघोटाने परत घेतला होता. पाचव्या कामाला, वल्हवायच्या मशीनवर, धाकटी चांगली पुढे होती.

"आणि हे काय?" पेन निळ्या रेघेवर थबकलं. मशीन सोडल्यावर ती रेघ उतारावरून घसरत गेली होती. "इथे तू चाळीस सेकंद नुसती उभी आहेस."

"लेस सुटली होती."

"एका लेसला चाळीस सेकंद? अगं, ती सुटली नसती तर तू हिच्या अर्धं मिनिट पुढे असतीस!"

धाकटीने पाय हळूच बाकाखाली घेतले.

थोरलीने ते पाहिलं. त्या बुटांत लेस नव्हतीच. इलॅस्टिक होतं, वर प्लॅस्टिकचा चाप. शर्यतीत गाठ सुटायला नको म्हणून थोरलीने कधीकाळी स्वतःच्या हाताने ओवलेलं. बूट दिले तेव्हा बुटांबरोबर तेही गेलं. त्याला गाठ नाही की सुटणं नाही.

"आणि ही तुझी गंमत," कोचबाई थोरलीकडे वळल्या. "नेमकं त्याच मिनिटाला. तू मशीनवरून उठून चालत बाहेर पडतेयस. ठोके खाली यायला हवेत. तर रेघ बघ, ताडासारखी वर. पट्टा सरकला असणार."

पट्टा सरकला नव्हता. थोरलीला ते मिनिट लख्ख आठवत होतं. कठड्याला टेकलेली धाकटी, गुडघ्यांवर हात, मान मागे वळलेली. तुटला हिचा दम, थोरलीच्या मनात आलं होतं, आणि मेलेल्या पायांत कुठूनसा जीव आला होता. "चला जाऊबाई," धाकटी म्हणाली होती. थोरलीने वळून पाहिलं नव्हतं. थंडीत ऊन अंगावर घ्यावं तसं ते मिनिट अंगावर घेत ती पुढे निघून गेली होती.

तेही आता हिचंच निघालं. वाढून दिलेलं. हिने हरवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. वाट बघत थांबलेल्या बाईशी भांडायचं कसं?

"तर मग संघात थोरली," कोचबाई फळ्याकडे गेल्या. "हिच्या पट्ट्याला नवा सेल. आणि धाकटीला लेस बांधायला शिकवा कुणीतरी."

"कशाला थांबलीस?" थोरलीने विचारलं. आवाज बारीक, पण धारेचा.

"सांगितलं ना, लेस..."

"पाय बाहेर काढ."

धाकटीने पाय काढले नाहीत. "तुम्ही मागे दिसेनात," ती स्वतःच्या गुडघ्यांना सांगावं तशी म्हणाली. "रोज बरोबर पळतो ना आपण. एकटीला कसंतरीच झालं."

कोचबाईंचं पेन फळ्यापाशी तसंच राहिलं.

थोरली उठली. पडद्यापाशी गेली.

"पट्टा सरकला नव्हता, बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, हिचा दम तुटला."

लाल रेघ जिथून चढायला लागली होती तिथे तिने बोट टेकवलं आणि हळूहळू वर नेलं, थेट टोकापर्यंत.

"आनंद झाला होता मला. एवढा."