काठोकाठ

"मग येशील ना गं घरी?" ओरमोनने विचारलं.

"हो," बुरुलचा म्हणाली आणि त्याच्या पियाल्यात दोन घोट चहा ओतला.

ती हो म्हणणारच. नऊ वर्षांची असताना 'मंद' ठरवून सरकारी संस्थेत नेली ती चाळिशीला टेकून बाहेर आली. तिथे ऊठ म्हटलं की हो, झोप म्हटलं की हो. भूकंपाने दारात येऊन 'पाडू का इमारत?' असं विचारलं असतं, तरी सगळ्या खाटांवरून एका सुरात हो आलं असतं. आता ती आमच्या कराकोल शहरात, सफरचंदाच्या झाडामागच्या छोट्या घरात राहत होती. तिच्यासारखीच आणखी तिघं, एक चूल, आणि मदतीला सायराताई.

ओरमोन तिचा थोरला भाऊ. अत्बाशीहून तिला न्यायला आला होता. नवं घर बांधलं होतं, तिच्यासाठी वेगळी खोली काढली होती.

"तू नुसतं बसायचं," तो म्हणाला. "वहिनी आहे, सुना आहेत. काडी इकडची तिकडे करायची नाही. चालेल?"

"हो."

सायराताईच्या घशात बोरसोकचा, तळलेल्या पावाचा, तुकडा अडकला. जायचं की राहायचं, हे बुरुलचानेच सांगायचं होतं. ती हो म्हणाली की संपलं. आणि ती तर हो म्हणून मोकळी झाली होती.

ओरमोन खुशीत आला. माणूस खुशीत आला की मागे जातो. हा तर थेट डोंगरावर गेला.

"आठवतं का गं, उन्हाळ्यात कुरणावर जायचो? आपला तंबू? आईचा सामोवार?"

त्या सामोवारची, म्हणजे चहाच्या बंबाची, वाफ वर जाऊन ढग व्हायची आणि पलीकडच्या खोऱ्यात पाऊस पडायचा, असं अत्बाशीचे लोक शपथेवर सांगतात. मी यातला फक्त पाऊस खोटा मानतो.

"आई कसा चहा द्यायची!" ओरमोनचे डोळे भरून आले. "दोनच घोट. संपले की पियाला परत तिच्या हातात, की पुन्हा दोन घोट. सकाळी आलेला पाहुणा, बघता बघता मेंढ्या परतायची वेळ व्हायची. वास यायचा ना गं, शेणाच्या धुराचा, सायीचा..."

"घोडीच्या दुधाचा," बुरुलचा म्हणाली.

"बघा! सगळं आठवतंय पोरीला! चल, उद्याच सामान बांधू. बांधू ना?"

"हो," बुरुलचा म्हणाली. तिने त्याचा पियाला घेतला, सामोवारच्या नळाखाली धरला आणि ओतू लागली. चहा अर्ध्यावर आला. वर आला. काठाला लागला. बशीत सांडला.

"भरला!" पलीकडे बसलेला, त्या तिघांतला चोरो ओरडला. या घरात मनातलं मनात ठेवणं चोरोला जमत नसे. "काठोकाठ भरला! म्हणजे पी आणि चालू लाग! दादा, तुला हाकललं!"

"गप रे मेल्या!" सायराताई लालबुंद झाली. "माफ करा हं. संस्थेत चहा एकदाच मिळायचा ना, म्हणून हात सुटतो तिचा. रीतभात तिला कुठली कळायला?"

"मघापासून दोन-दोन घोटच तर ओततेय," ओरमोन हळूच म्हणाला.

तो पियाल्याकडे बघत राहिला. असा पियाला त्याने आईच्या हातून एकदाच पाहिला होता. संस्थेचा साहेब छोट्या बुरुलचाला न्यायला तंबूत आला, त्या दिवशी. सरकारी माणसाला तोंडावर नाही म्हणायची आईची छाती झाली नाही. तिने त्याच्यापुढे काठोकाठ भरलेला पियाला ठेवला. साहेब दूरच्या शहरातला. त्याला कळलं नाही. चहा छान झालाय म्हणाला, आणि पोरीला गाडीत घालून घेऊन गेला.

ओरमोनने पियाला दोन्ही हातांनी उचलला. चहा उकळता होता. तो थेंबही न ठेवता प्यायला आणि उठून उभा राहिला.

"कळलं गं बाई," तो म्हणाला. "पण आजची रात्र तरी राहू का?"

"नाही," बुरुलचा म्हणाली. "उद्या ये. आज भांडी घासायची पाळी माझी आहे."