पाणी कुठे मुरतंय?

"जराही घासाघीस न करता गाडी दिली त्याने. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय!" ही जुनी गाडी विकत घेऊन दारात लावली, तेव्हापासून ह्यांचं हेच पालुपद.

रविवारी हे लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरले. मागच्या चाकाच्या वर चुंबक काही केल्या चिकटेना. "बघ! इथे पत्राच नाही, नुसती पुट्टी आहे!" मग खरवडणं सुरू झालं. पांढऱ्या रंगाखाली लाल निघाला, लालखाली हिरवा. हिरव्याखालच्या पुट्टीचं ढेकूळच खाली पडलं आणि गंजाने पडलेल्या भोकातून एक चिंधी बाहेर आली.

"भोकात चिंध्या कोंबून वरून रंग फासलाय! असल्या लोकांना जनाची नाही, निदान मनाची तरी लाज असावी. चल, आत्ताच्या आत्ता जाब विचारू त्याला!"

मी चिंधी झटकली. गंजाच्या डागांखाली जांभळी फुलं दिसली.



"अहो, ही तर माझ्या गाऊनची बाही! आपली हिरवी गाडी विकायच्या आदल्या दिवशी दोरीवरून गेला ना, तोच गाऊन. त्यापायी मी शेजारणीशी अजून बोलत नाही!"