सैन्य सोडण्याचं कारण

सैन्यात वकील अधिकारी म्हणून श्रुतीची निवड झाली, तेव्हापासून तिच्या वडिलांच्या, भाऊसोंच्या घशाखाली घास उतरेना. पडताळणीच्या फॉर्मात एक रकाना होता: 'वडिलांनी सैन्य का सोडलं?' खोटं लिहिलं तर निवड रद्द. आणि भाऊसो तर वीस वर्षं साऱ्या शाहूपुरीला सांगत आले होते, आई आजारी होती म्हणून परतलो.

"खरं लिही, पोरी," शेवटी ते म्हणाले. "माझं कोर्ट मार्शल झालतं. गुन्हा न्हवता माझा, पर बाजू मांडणार कोण?"

श्रुतीनं फॉर्म पुढं सरकवला. रकान्यात तिनं ते आधीच लिहिलं होतं.

 

फॉर्मखाली एक पिवळट कागद होता: त्यांच्या बडतर्फीविरुद्धचं अपील, लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिनं लिहिलेलं, फक्त त्यांच्या सहीसाठी थांबलेलं.